दोन मिलिमीटरचा उंबरा

पुठ्ठ्याच्या चार भिंती उभ्या करून वर छप्पर ठेवलं, की समोर जे तयार होतं त्याला आकार असतो, पण माप नसतं. ते गोदाम असेल, गोठा असेल किंवा नुसतं खोकं असेल. त्याच भिंतीत, तळाला टेकून, एकवीस मिलिमीटर उंचीचं एक उभं भोक पाडलं की सगळं बदलतं. बघणाऱ्याला कुणी प्रमाण सांगितलेलं नसतं, तरी भिंत किती उंच आहे हे त्याला कळतं. दारातून माणूस जातो आणि माणसाची उंची डोळ्याला पाठ असते. वर आणखी एक चौकोन कापला, की तिथे दुसरा मजला आहे हेही कळतं. कौलं, रंग, अंगणातलं झाड हे सगळं पुढचं. मॉडेलला घरपण येतं ते दारं-खिडक्या बसल्यावर.

आणि तरी हेच काम सगळ्यात घाईत उरकलं जातं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं सबमिशन असो, बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायची सोसायटी असो किंवा घरच्या घरी रेल्वेचं छोटं स्टेशन उभारणारा हौशी माणूस असो, भिंती आणि छपरावर रात्री जातात आणि खिडक्या शेवटच्या तासात चिकटतात. मग मॉडेल दुरून छान दिसतं, पण जवळ गेलं की त्याचं कागदीपण लपत नाही. हे असं का होतं, याचं उत्तर बहुतेक जण नक्षीत शोधतात: गज बारीक हवे होते, बिजागऱ्या दाखवायला हव्या होत्या. मला उत्तर दुसरीकडे दिसतं. मॉडेलचा खरेपणा भिंतीच्या जाडीत असतो, आणि जाडी दिसण्याची जागा एकच आहे: दाराची आणि खिडकीची कड.

आधी मापांचं बोलू. साधं दार सात फुटांचं, म्हणजे सुमारे २.१ मीटर. ज्या १:२०० प्रमाणात अख्खी सोसायटी टेबलावर मावते, त्यात हे दार साडेदहा मिलिमीटरचं होतं. १:१०० मध्ये २१ मिलिमीटर. रेल्वेच्या छंदात जगभर सर्वाधिक चालणाऱ्या १:८७ मध्ये, ज्याला छंदिष्ट लोक ‘एचओ’ म्हणतात, २४ मिलिमीटर. १:५० मध्ये ४२. आणि बाहुलीघरांच्या १:१२ मध्ये १७५, म्हणजे वीतभराहून जरा कमी. उंची-रुंदीचा हा भागाकार शाळकरी पोरालाही जमतो.

फसवते ती जाडी. खिडकीची साधी काच चार मिलिमीटरची असते. १:८७ मध्ये ती ०.०४६ मिलिमीटर व्हायला हवी, वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. अशी काच बाजारात मिळत नाही, म्हणून हाताशी असेल ते पारदर्शक काहीतरी लावलं जातं. १:१०० च्या मॉडेलला दोन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट काच म्हणून लावली, तर हिशेबाने ती वीस सेंटिमीटर जाडीची काच झाली. जवळजवळ भिंतीएवढी! बघणारा हा हिशेब करत नाही, पण त्याचा डोळा करतो. कडेवरची ती जाड चकाकी त्याला खटकते. याउलट, पोरं स्वस्त म्हणून जी ओएचपी शीट वापरतात ती शंभर मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. १:५० ला ती बरोबर पाच मिलिमीटरची काच ठरते. स्टेशनरीच्या दुकानातल्या त्या साध्या शीटइतकी प्रामाणिक काच या प्रमाणाला दुसरी नाही.

भिंतीचंही तेच. फोमबोर्ड साधारण पाच मिलिमीटरचा मिळतो. १:५० ला त्याची भिंत पंचवीस सेंटिमीटरची होते. आजच्या इमारतीची नऊ इंची भिंत त्यात जवळपास आपोआप येते. तीन मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये आतली सहा इंची भिंत येते. दुकानातलं सामान जणू फ्लॅटसाठीच बनवलेलं आहे. कुणी वाडा करायला घेतला की मात्र हे सगळं सामान अपुरं पडतं.

पुण्यातल्या जुन्या वाड्याची तळमजल्याची बाहेरची भिंत दोन-अडीच फुटांची असू शकते. अडीच फूट म्हणजे १:५० ला पंधरा मिलिमीटर. फोमबोर्डचे तीन थर एकावर एक चिकटवावे लागतात, किंवा एकच बोर्ड उभा करून प्रत्येक भोकाला आतून चारही बाजूंनी पंधरा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या लावाव्या लागतात. दुसरी रीत हलकी आणि सोयीची. बाहेरून बघणाऱ्याला भिंतीच्या पोटात काय आहे हे दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त भोकाची खोली, आणि त्या खोलीवरून तो भिंत जोखतो. या खोलीत खिडकीची चौकट नेमकी कुठे बसते, हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या कडेला लावली तर वाड्याचा फ्लॅट होतो. आत सरकवली की बाहेर सावलीचा एक पट्टा तयार होतो, भिंतीला वजन येतं, आणि आतल्या बाजूला माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा उरते किंवा उरत नाही, हेही ठरून जातं. ज्यांनी वाड्याच्या खिडकीत बसून दुपार काढली आहे, त्यांना ही जागा चुकलेली लगेच ओळखू येते.

गजांबद्दल एवढंच सांगतो: वीस मिलिमीटरचा गज १:५० ला ०.४ मिलिमीटर होतो. पुठ्ठ्यात तो कापायला जाऊ नये, तुटतो. पितळेची बारीक तार ताणून लावावी. आणि गज चौकटीत रुतलेले दिसायला हवेत. चौकटीच्या पाठीवर चिकटवलेले गज बाजूने पाहिलं की लगेच उघडे पडतात.

कापण्याला तंत्र आहे. खिडक्या कापताना भिंत मूळ शीटपासून सुटी करायची नाही. आधी सगळी भोकं पाडायची, मग भिंत कापून काढायची. नाहीतर दोन खिडक्यांमधला अरुंद भाग हातात वाकतो. पातं नवं हवं. प्रत्येक कोपऱ्यातून सुरुवात करून मधे यायचं, म्हणजे पातं कोपऱ्याच्या पुढे जात नाही. कोपऱ्याबाहेर गेलेली अर्ध्या मिलिमीटरची चीर रंग दिल्यावर आणखी ठळक होते, कारण रंग चिरेत साठतो. भोक मापापेक्षा किंचित लहान पाडायचं आणि पॉलिश पेपर लावलेल्या पट्टीने घासत घासत चौकटीच्या मापाला आणायचं. आणि सगळ्या खिडक्या एका ओळीत येण्यासाठी पट्टीने पुन्हा पुन्हा मोजत बसायचं नाही. खिडकीच्या तळाच्या उंचीची एक पट्टी कापून घ्यायची, ती भिंतीच्या तळाशी टेकवून प्रत्येक खिडकी तिच्यावर बसवायची. मोजण्यात प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो. पट्टीत पडत नाही. दहा खिडक्यांच्या ओळीत एक खिडकी अर्धा मिलिमीटर खाली असेल, तर नजर नेमकी तिच्यावरच जाते.

आता लेझर कटिंग गल्लोगल्ली झालं आहे. पुण्या-मुंबईत आर्किटेक्चर कॉलेजांच्या आसपास अशी दुकानं सहज सापडतात. पेन ड्राइव्हवर फाइल न्या, शीट द्या, बसा. हाताला तासनतास लागले असते ते काम काही मिनिटांत होतं आणि कोपरे चोख येतात. पण लेझरचा किरण स्वतःच्या रुंदीएवढं सामान जाळत जातो. ही रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी असते, आणि चौकट भोकात घट्ट बसायची असेल तर ती फाइलमध्ये आधीच धरावी लागते. शिवाय एमडीएफची कड काळी पडते. ती काळी कड म्हणजे नेमकी खिडकीची आतली बाजू, जिच्याबद्दल मी इतका वेळ बोलतो आहे. ती घासून रंगवल्याशिवाय पुढे जाऊ नये. यंत्राने काम सोपं केलं आहे, पण खोली यंत्र देत नाही. सपाट शीटमधून सपाटच तुकडे निघतात; चौकट, पाख, काच हे तीन थर एकामागे एक लावून खोली उभी करायचं काम अजूनही हाताचंच आहे.

सगळ्यात मोठी शिस्त क्रमाची. भिंतीला रंग, चौकटीला वेगळा रंग, मग चौकट भिंतीत, आणि काच सगळ्यात शेवटी. काच आधी बसवली तर रंगाच्या फवाऱ्यापासून ती झाकत बसावं लागतं आणि झाकलेल्या पट्टीखाली रंग शिरायचा तो शिरतोच. गोंदाचीही निवड आहे. फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद झटपट चिकटतो, पण त्याच्या वाफा पारदर्शक प्लास्टिकवर बसून पांढरं धुकं तयार करतात, आणि ते पुसून जात नाही. काचेला वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद बरा, तोही टाचणीच्या टोकाने, कडेकडेने. ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडायचं तर आपल्याकडच्या कार्यशाळांत क्लोरोफॉर्म वापरतात. ते फटीत झिरपतं, दोन्ही कडा विरघळवतं आणि सांधा एकजीव करतं. एक थेंब काचेच्या मधोमध सांडला तर ती काच गेली. ही कामं शेवटच्या तासात करायची नसतात ती यासाठी.

अमेरिकेत आणि युरोपात रेल्वेच्या छंदाने या कामाची अख्खी बाजारपेठ उभी केली. कॅलिफोर्नियातल्या ग्रँट लाइनसारख्या छोट्या कंपन्यांनी प्लास्टिकच्या साच्यातून ओतलेल्या बारीक खिडक्या आणि दारं पाकिटांत घालून विकली; जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या फालर कंपनीच्या किटमध्ये काचेमागे लावायचे छापील पडदेसुद्धा असतात. सोय मोठी आहे. पण त्यातून एक उलटा प्रकार घडतो: आधी खिडकी मिळते आणि मग तिला शोभेल अशी इमारत बांधली जाते. अमेरिकेतल्या लाकडी स्टेशनांना ते चालून जातं, कारण तिथे खऱ्या खिडक्याही कारखान्यातून ठरावीक मापाच्या यायच्या. आपल्या वाड्याला, कोकणातल्या घराला किंवा गोव्यातल्या शिंपल्यांच्या खिडक्यांना पाकीट नाही. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी घासून पातळ केलेले शिंपले लाकडी चौकड्यांत बसवत. ते मॉडेलमध्ये करायचं तर ट्रेसिंग पेपर कामाला येतो. उजेड आत येऊ देतो, पण आरपार दिसू देत नाही.

दाराची गोष्ट वेगळी. खिडकी एकदा बसवली की बसवली. दार मात्र उघडावं असं बनवणाऱ्याला मनातून वाटत असतं. इथे वाड्याचं जुनं दार मॉडेलकाराच्या मदतीला येतं. त्या दाराला बिजागऱ्या नसत. पाखाच्या लाकडालाच वर आणि खाली खुंट्या काढलेल्या असत. वरची वरच्या आडव्या लाकडात, खालची उंबऱ्याजवळच्या खळग्यात फिरे. १:५० ला बिजागरी बनवणं जवळजवळ अशक्य, पण दाराच्या कडेत अर्ध्या मिलिमीटरची तार वर-खाली थोडी बाहेर ठेवून बसवणं कुणालाही जमतं. दहा सेंटिमीटरचा उंबरा तेव्हा दोन मिलिमीटरचा होतो, आणि त्यात खळगा पाडायला तेवढी जाडी पुरते. चौकट उभी करण्याआधी दार आत अडकवायला विसरू नये. नंतर ते आत जात नाही. खऱ्या सुतारालाही हाच क्रम पाळावा लागे.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हा यातला मोठा धडा आहे. वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेल्या आगीत आतले महाल जळाले. राहिले ते तट, बुरूज, जोती, कारंजी आणि दरवाजे. म्हणजे शनिवारवाड्याचं मॉडेल करणाऱ्याला आतल्या महालांच्या खिडक्यांचा अंदाज करावा लागतो, पण दरवाजा त्याला जाऊन प्रत्यक्ष पाहता येतो. दाराच्या पाखांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार सुळे आहेत, प्रत्येक सुमारे फूटभर लांब. १:१०० ला ते तीन मिलिमीटरचे होतात, १:५० ला सहा. टाचणीची टोकं कापून एकेक भोकात बसवली की ते काम होतं, फक्त वेळ जातो. अनेक मॉडेलांत हे सुळे साऱ्या दारभर सारखे पसरलेले दिसतात. ते नुसते शोभेचे नव्हते, हत्तीने धडक देऊ नये म्हणून होते. त्यांची उंची चुकली की दाराचा अर्थच गेला. आणि एका पाखात दिंडी आहे, रोजच्या ये-जा करण्याची, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढी. मॉडेलमध्ये मोठं दार बंद ठेवावं आणि दिंडी उघडी ठेवावी. त्या एका लहान भोकामुळे आजूबाजूचं सगळं दार किती अफाट आहे ते कळतं.

जुन्या दारांचे आणि खिडक्यांचे तपशील पाहायचे असतील तर पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं. कोथरूडहून सोडवून आणलेला मस्तानी महाल तिथे उभा आहे, आणि कोरीव दारं हाताच्या अंतरावरून बघता येतात. गणेशपट्टी चौकटीच्या पुढे किती येते, कडी कुठल्या उंचीला आहे, फळ्यांचे सांधे कसे झाकले आहेत, हे छायाचित्रात नीट कळत नाही. दारासमोर बाजूने उभं राहून पाहिलं की कळतं.

•

या कामाचं टोक गाठलेली काही उदाहरणं जगात आहेत, आणि त्यांत मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण सुंदर घराचं नाही, खुनांच्या खोल्यांचं आहे.

फ्रान्सेस ग्लेसनर ली (१८७८–१९६२) ही शिकागोच्या श्रीमंत घरात वाढलेली बाई. संशयास्पद मृत्यूंचा तपास शास्त्रीय पद्धतीने व्हावा या ध्यासापायी तिने हार्वर्ड विद्यापीठात न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहावा म्हणून स्वतःचे पैसे घातले, आणि १९४० च्या दशकात पोलिसांना शिकवण्यासाठी १:१२ प्रमाणातल्या खोल्या बनवायला घेतल्या. ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्स्प्लेन्ड डेथ’ असं त्यांचं नाव. सुतारकाम राल्फ मोशरकडे, विणकाम-शिवणकाम तिच्याकडे. प्रत्येक खोलीत एक किंवा अधिक मृतदेह आणि भोवताली घर जसंच्या तसं. त्यातल्या अठरा खोल्या आज बाल्टिमोरमध्ये मेरीलंड राज्याच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसाच्या कार्यालयात आहेत आणि पोलिसांच्या शिक्षणासाठी अजूनही वापरल्या जातात. म्हणूनच त्यांची उत्तरं जाहीर केली जात नाहीत.

यातली ‘किचन’ नावाची खोली १९४४ मधल्या एका कल्पित घटनेची. गृहिणी स्वयंपाकघरात जमिनीवर मरून पडली आहे, गॅस सुरू आहे. नवऱ्याचं म्हणणं असं: तो बाहेर गेला होता, परत आला तर दार आतून बंद, खिडकीतून डोकावलं तर बायको पडलेली, मग त्याने पोलिसांना बोलावलं. दारं-खिडक्या आतून बंद आणि दाराच्या फटीत वर्तमानपत्राचा कागद कोंबलेला. तपास करणाऱ्याने ही दारं नीट पाहायची. कागद आतून कोंबला गेला का? सगळ्या फटींत आहे का? खिडकीतून नवऱ्याला दिसलं म्हणतो, ते तिथून दिसतं का? पाहणाऱ्याला दार उघडलेलं, खिडकी सरकलेली, कडी लागलेली असं सगळं त्या इवल्या खोलीत वाचता आलं पाहिजे. लीने दारं, खिडक्या आणि कुलपं चालती असावीत असा आग्रह धरला तो सजावटीसाठी नाही. दार नुसतं रंगवलेलं असतं तर तिथे साक्षच उरली नसती.

या फटीचा विचार करून पाहावा. खऱ्या दाराला तीन मिलिमीटरची फट असते. १:१२ ला ती पाव मिलिमीटर. दार एवढं नेमकं बसवायचं की फट पाव मिलिमीटर राहील, दार उघडेल, आणि तरी फटीत कोंबलेला कागद दिसेल! २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रेन्विक गॅलरीत या खोल्यांचं प्रदर्शन झालं तेव्हा लोक त्यांच्यासमोर भिंगं आणि टॉर्च घेऊन उभे होते. मॉडेलच्या दाराकडे इतक्या गांभीर्याने बघणारे लोक आहेत याचा मला आनंद होतो.

दुसरं उदाहरण राणी मेरीच्या बाहुलीघराचं. एडविन लट्येन्स दिल्लीतलं व्हाइसरॉय हाउस, आजचं राष्ट्रपती भवन, उभारत होता त्याच काळात, १९२१ ते १९२४, त्याने १:१२ चं हे घर रचलं. १९२४ मध्ये ते वेम्ब्लीच्या प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. नळाला पाणी आहे, दिवे लागतात, लिफ्ट चालते, आणि ग्रंथालयातली पुस्तकं वाचता येतात. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यातली खुबी वेगळी: बाहेरच्या भिंतींचं अख्खं कवच वर उचललं जातं आणि आतल्या खोल्या उघड्या होतात. म्हणजे खिडक्या ज्या भिंतीत आहेत ती भिंत हलते. कवच खाली आल्यावर बाहेरची खिडकी आणि आतल्या खोलीतली उजेडाची जागा एकमेकींवर चपखल बसायला हव्यात. दर्शनी बाजूची शिस्त आणि आतल्या खोल्यांची सोय यांचं भांडण प्रत्येक वास्तुविशारदाला सोडवावं लागतं. इथे ते उघडंच पडतं.

एक गोष्ट मात्र लट्येन्सलाही लहान करता येत नाही, ती म्हणजे निसर्गाचे नियम. १:१२ ला दाराची लांबी-रुंदी-जाडी बारा पटीने कमी होते, पण वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पटीने. खुंटीशी होणारं घर्षण त्या हिशेबाने कमी होत नाही. म्हणून लहान दार स्वतःच्या वजनाने मिटत नाही, ढकललं तिथेच थांबतं. आपटत नाही, कुरकुरत नाही. ते उघडं आहे की मिटलेलं, हे ठेवणाऱ्याच्या हातात असतं. हे ठरवणं म्हणजे मॉडेलला गोष्ट देणं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न या बाईंच्या देखरेखीखाली १९३२ ते १९४० मध्ये बनलेल्या अडुसष्ट लघुखोल्या आहेत, तिथे हे ठरवणं फार सुंदर झालं आहे. खोली एका बाजूने बघायची. पण पलीकडचं दार अर्धवट उघडं असतं आणि त्यातून पुढच्या खोलीचा कोपरा किंवा जिना दिसतो. खिडकीबाहेर बाग किंवा रस्ता रंगवलेला असतो आणि उजेड कुठल्या वेळेचा आहे ते कळतं. बांधलेली जागा थोडी, दिसणारी जागा कितीतरी.

उजेडाचं काम जर्मनीत हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वुंडरलँडमध्ये पाहावं. २००१ साली सुरू झालेलं हे १:८७ चं जग. तिथे दर पंधरा मिनिटांनी दिवस मावळतो आणि हजारो खिडक्यांत दिवे लागतात. सगळे एकदम लागत नाहीत, हे महत्त्वाचं. एका इमारतीतल्या दोन खिडक्या उजळतात, एक अंधारीच राहते. घरी हे करायचं तर भिंती आतून काळ्या रंगवाव्यात, नाहीतर प्लास्टिकची भिंतच कंदिलासारखी उजळते आणि जाडीचा सगळा कष्टाने उभा केलेला भास जातो. प्रत्येक खिडकीमागे काळ्या कागदाची छोटी डबी करून दिवा तिच्यात ठेवावा. लहान गाड्यांची आणि गावाची ही दुनिया जवळून पाहायची तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय आहे, १९९८ पासून. मुलांना तिथे आगगाडी दिसते. मी त्यांना म्हणतो, गाडी गेल्यावर घरांच्या खिडक्यांकडे बघा.

बिल्डरांच्या मॉडेलबद्दल मला तक्रार आहे, आणि ती कौशल्याबद्दल नाही. ही मॉडेलं बनवणाऱ्या कारागिरांचे हात अप्रतिम असतात. पण त्यांना खिडक्या निळ्या आरशाच्या करायला सांगितल्या जातात. अशा खिडकीतून आत काही दिसत नाही, त्यामुळे खोली किती, बाल्कनी किती, समोरची इमारत किती जवळ, हे कुणी विचारत नाही. पंधराव्या शतकात इटलीत लिऑन बातिस्ता आल्बेर्तीने वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथात बजावलं होतं, की मॉडेल साधं असावं, रंगवून आणि सजवून डोळे दिपवणारं नको, कारण त्याने रचनेची पारख होत नाही. घर घेणाऱ्याने काचेच्या पेटीवर वाकून एवढं तरी बघावं: खिडकीला खोली आहे का, आणि तिच्या मागे काही आहे का?

•

दिवाळीत घरोघरी, सोसायट्यांच्या आवारात पोरं किल्ले बांधतात. महाराष्ट्रातली मॉडेल बनवण्याची ही सगळ्यात मोठी शाळा, आणि तिथल्या मोजपट्टीचं नाव मावळा. मातीचा मावळा साधारण पाच सेंटिमीटरचा असेल आणि माणूस १६५ सेंटिमीटरचा धरला, तर किल्ला आपोआप १:३३ च्या प्रमाणात गेला. डोंगर या प्रमाणात बसणार नाही, बसवूही नये. डोंगराला सूट आहे. पण दाराला सूट नाही, कारण मावळा दाराशीच उभा राहतो. बहुतेक किल्ल्यांवर दार मावळ्याच्या खांद्याएवढं असतं. महादरवाजातून हत्ती जायचे. पाच मीटर उंचीचा दरवाजा धरला तर तो पंधरा सेंटिमीटरचा हवा, म्हणजे तीन मावळे एकावर एक.

दुसरं, दार समोर ठेवू नये. रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी रचना करून पाहावी: दोन बुरूज पुढे काढायचे, त्यांच्या मधून वाट वळवत न्यायची आणि दार त्यांच्या पोटात, वळणापलीकडे बसवायचं. खालून चढणाऱ्याला ते दिसत नाही. वाट जिथे अरुंद होते तिथे तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. दाराच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या करायला विसरू नये, तीन-चार सेंटिमीटर खोल, एक मावळा बसेल एवढ्या. दार माचिसच्या काड्या शेजारी शेजारी चिकटवून होतं. चौकट आधी ओल्या मातीत रोवायची आणि माती वाळून घट्ट झाल्यावर पाख अडकवायचे, कारण माती वाळताना आकसते आणि चौकट वेडीवाकडी होऊ शकते.

तटाच्या खिडक्या म्हणजे जंग्या, बंदुका रोखायच्या भोकांच्या रांगा. बॉलपेनची रिफिल साधारण तीन मिलिमीटरची असते, १:३३ ला ती दहा सेंटिमीटरचं भोक पाडते. माती अर्धवट ओली असताना रिफिल आतल्या बाजूने घालायची आणि टोक बाहेर खाली झुकेल असं तिरकं सरकवायचं, कारण शत्रू खालून येतो. मग आतल्या तोंडाशी ती थोडी गोल फिरवून भोक रुंद करायचं, म्हणजे आतल्या मावळ्याला बंदूक डावी-उजवीकडे वळवता येईल.